एक वाचणारी, एक ओळखणारी

माझी आई कधी शाळेत गेली नाही. मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, सातवीपर्यंत शिकलेली. पण साखरेच्या दुखण्यानं तिची नजर अधू झाली आहे. शिनोलीजवळच्या आमच्या घरात आता या दोघी जावाच राहतात. आई थोरल्या जावेला 'बाई' म्हणते. मी बायकोमुलांसह चाकणला असतो. तिथल्या एका कंपनीत कामाला आहे. दर रविवारी गावी येतो.

मोठ्या आईला साखर, रक्तदाब, थायरॉईड आणि हृदय अशा सगळ्यांच्या मिळून सात गोळ्या. त्यांचं काम दोघींनी आपसात वाटून घेतलं होतं. वाचायचं मोठ्या आईनं, ओळखायचं आईनं. मोठी आई पाकीट भिंगाखाली धरून एकेक अक्षर लावत नाव वाचायची. मग आई ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट करायची. गोळीचा रंग, मधली रेघ, पाठीमागची चंदेरी पट्टी, सगळं बघून "व्हय, हीच" म्हणायची. तिनं असं म्हटल्याशिवाय गोळी पाकिटातून बाहेर निघत नसे. आईचं माहेर वर भीमाशंकरच्या अंगाला. लहानपणापासून हिरडा वेचता-निवडता तिची नजर अशी तयार झालेली की दाण्यातला खडा तिला लांबून दिसतो.

मला मात्र हे सगळं फार वेळखाऊ वाटायचं.

भातकापणी उरकली आणि मोठ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. मंचरच्या एका दवाखान्यात तीन दिवस ठेवावं लागलं. सुट्टी देताना त्यांनी नव्या गोळ्या लिहून दिल्या. जुन्यांचं काय करायचं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. मी समजलो की जुन्या चालू आणि वर या नव्या.

लगेचच्या रविवारी मी हौसेनं सात वारांची सात घरं असलेला प्लॅस्टिकचा डबा आणला. सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढल्या आणि आठवडाभराच्या त्यात भरून टाकल्या. आई शेजारी बसून बघत होती.

"आरं, पाकिटातनं काढल्यावर ही कोण नि ती कोण, कसं कळायचं?"

"कळायची गरजच नाही. आजच्या वाराचं घर उघडायचं, संपलं."

मी फाडून टाकलेली पाकिटं तेवढी आईनं गोळा केली आणि पिशवीत घालून खुंटीला अडकवली.

बुधवारी सकाळी तिचा फोन आला. मोठी आई अंथरुणावरून उठताना भिंतीला धडकली होती. आदल्या दिवशी न्हाणीत जातानाही तिचा तोल गेला होता.

"अशक्तपणा असेल," मी म्हणालो. "दवाखान्यातून आलीय ना. गोळ्या बंद करू नकोस बरं का."

"माझ्या मनानं म्या काय बंद करीत न्हाई. पर इचारायला तर पायजे. बसल्यावर बाई चांगल्या असत्यात. उठल्या की डोळ्यापुढं अंधारी. आधी असं नव्हतं. ह्या नव्या गोळ्या आल्यापासनं व्हतंय."

तिच्या आवाजात काळजी होती, पण गोंधळ नव्हता. मी अर्धी रजा टाकली आणि दुपारपर्यंत गाव गाठलं. दोघी लुगडी नेसून ओट्यावर तयार बसल्या होत्या. आईच्या मांडीवर मोठी पिशवी होती.

घोडेगावला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईनं पिशवी टेबलावर रिकामी केली. जुनी पाकिटं, नवी पाकिटं, माझा डबा, मंचरचा कागद, पोट साफ व्हायचं चूर्ण, डोळ्यांचे थेंब. घरात औषध म्हणून जे काही होतं ते सगळं तिनं आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आईचा रक्तदाब आधी बसवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तो एकदम खाली आला होता. मग त्यांनी एकेक पाकीट उजेडाकडे धरून वाचलं. दोन पाकिटं बाजूला काढली.

"या दोन्ही एकच आहेत. कंपनी वेगळी, नाव वेगळं, आत औषध तेच. रक्तदाबाची गोळी या रोज दोनदा घेतायत."

मी मान खाली घातली. आईनं मात्र माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरच्या ढिगाखाली राहिलेलं एक फाटकं पाकीट तिनं पुढं सरकवलं.

"ही बी बघा. ही बाईंच्या उशाखाली घावली."

मोठी आई ओशाळली. "गुडघ्याची हाय. शेजारणीनं दिली. लई ठणकत व्हतं वं. तुला सांगितलं असतं तर तू घेऊ दिली नसती."

"न्हाईच दिली असती," आई म्हणाली, पण बोलताना तिनं जावेचा हात हातात घेतला.

ती दुखण्याची गोळी मोठ्या आईच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला चालणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मंचरला फोन लावला आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलून मगच एका कोऱ्या कागदावर नवी यादी केली. काय चालू, काय बंद, कोणती उपाशीपोटी, कोणती जेवल्यावर. अक्षरं एवढी मोठी काढली की मोठ्या आईनं ती भिंगाशिवाय वाचली. गुडघ्यासाठी वेगळं मलम दिलं.

निघताना त्या आईला म्हणाल्या, "मावशी, रिकामी पाकिटं ठेवलीत म्हणून हे कळलं. नुसत्या सुट्या गोळ्या आणल्या असत्या तर मीही चाचपडले असते."

आईनं पदर सारखा केला. "मला वाचता येत न्हाई ना बाई. म्हणून टाकवत न्हाई."

आठवडाभरात मोठ्या आईची चक्कर गेली. ती पुन्हा आधाराविना अंगणात फिरू लागली. मी कंपनीत तपासणी विभागात आहे. एकानं पाहिलेला सुटा भाग दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय आमच्याकडे पेटी बंद होत नाही, आणि या कामाचा मला भलताच अभिमान. घरात मात्र दोन म्हाताऱ्या रोज तेच करत होत्या आणि मी त्यांना घाई करत होतो.

आता नवीन औषध आणलं की ते मी आईच्या हातात देतो आणि शेजारी बसतो. तिची नजर फिरून होईपर्यंत दहा मिनिटं जातात, कधी जास्त. परवा एका गोळीचा रंग बदललेला निघाला. तिनं मला त्याच पावली घोडेगावला परत पाठवलं. दुकानदार म्हणाला, गोळी तीच आहे, कंपनीनं रंग बदललाय. मी घरी येऊन तसं सांगितलं.

"बरं झालं इचारलंस," आई म्हणाली, आणि पाकीट भिंगाखाली धरायला तिनं मोठ्या आईला हाक मारली.