बाबाजान पेंटरांची शिरोरेषा

पारनेरच्या बाबाजान पेंटरांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचं अक्षर इतकं देखणं, की छापील फ्लेक्स सोडून लोक त्यांच्याकडे यायचे. पण उजव्या खांद्याचा सांधा झिजत गेला आणि हात छातीच्या वर उचलेना. सदरा घालायलासुद्धा बायकोची, मुबारकबीची, मदत लागायची. ब्रश तर दोन वर्षं डब्यात पडून होते.

नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "सांधा बदलावा लागेल."

"सायेब, सांध्यासंगं माझं अक्षर बी बदलंल का?"

डॉक्टर हसले. "अक्षर तुमचंच राहील. व्यायाम मात्र चुकवायचा नाही."

ऑपरेशन झालं. मग महिनोन्‌महिने बाबाजान भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर नेत राहिले. मुबारकबी खडूने खूण करायची आणि कालच्यापेक्षा आजची खूण वर गेली की टाळ्या वाजवायची. हळूहळू दुखणंही सरलं.

सहाव्या महिन्यात डेअरीवाल्या कारभारीनं भिंत रंगवायला दिली. बाबाजानांनी डोक्याच्या उंचीवर अक्षरं काढली, मग श्वास रोखून त्यांच्यावर शिरोरेषा ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, सरळ. खांदा कुठेच अडला नाही.

संध्याकाळी कारभारी पाहतो तर नावाशेजारी एक धष्टपुष्ट म्हैस उभी.

"चाचा, म्हैस कुठं सांगितली हुती मी?"

"ती माझ्याकडनं," बाबाजान म्हणाले आणि तिच्या शिंगांना आणखी एक झोकदार वळण देऊ लागले.