ताइसिया साव्विच्नाची दुधाची वही

१६ फेब्रुवारी २००९ रोजी रशियाच्या आरोग्य व सामाजिक विकास मंत्रालयाने पंचेचाळीस क्रमांकाचा आदेश काढला. आरोग्याला घातक परिस्थितीत काम करणाऱ्यास दर पाळीमागे अर्धा लिटर दूध विनामूल्य द्यावे, असे त्यात म्हटले होते. आदेश आजही वाचायला मिळतो. मेद्नी लोगच्या तांबे-कारखान्यात त्याचा परिणाम मात्र उलटा झाला. त्या वसंतात ताइसिया साव्विच्ना पोस्कोतिनाच्या तुकडीतील एकवीस बायकांचे दूध बंद पडले.

यात आदेशाचा दोष नव्हता. दुधाला पात्र कोण याची यादी करायला कार्यालयातला माणूस बसला आणि त्या एकवीसजणींपैकी एकीचेही नाव त्याला कारखान्याच्या पटावर सापडले नाही. कागदोपत्री त्या 'चिस्ती द्वोर' नावाच्या कंपनीच्या झाडूवाल्या होत्या. जिने पुसायच्या, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करायच्या. प्रत्यक्षात त्या भट्ट्यांच्या धुरांड्यांखालच्या धूळकोठड्यांत उतरत आणि भिंतींवर साचलेले करडे पीठ खोऱ्याने खरवडून काढत. त्या पिठात शिसे होते, आर्सेनिकही होते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांच्यापासून कोणी लपवलेही नव्हते.

हा दुहेरी संसार साडेचार वर्षांपूर्वी, ऑगस्ट २००४ मध्ये सुरू झाला. कारखाना तेव्हा 'झ्वेनो' समूहाचा होऊन सहा वर्षे झाली होती. इथले तांबे, उत्तरेकडचे लाकूड, एक बँक, सॉसेजचे दोन कारखाने, एक दूरचित्रवाहिनी आणि एक हॉकीचा संघ, असा त्या समूहाचा पसारा होता, आणि सगळ्याच्या माथ्यावर ग्लेब अर्कादिएविच तोल्माचोव होते. गावात त्यांचे नाव कोणी घेत नसे. सगळे नुसते 'मालक' म्हणत. हवामानाविषयी बोलावे तसे. मालकांच्या मॉस्कोतल्या माणसांनी ठरवले की धूळकोठड्यांची सफाई हे काही तांबे वितळवणे नव्हे, तेव्हा ती वेगळ्या कंपनीकडे द्यावी. त्यासाठी प्रत्येक बाईने कारखान्याला 'स्वेच्छेने' राजीनामा लिहून द्यायचा आणि त्याच दुपारी नव्या कंपनीत अर्ज करायचा.

हे सांगायला विभागप्रमुख अनिसिम पाव्लोविच स्वतः खाली आले. ताइसिया त्यांना अठरा वर्षे ओळखत होती. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांसाचे सारण भरलेले दोनशे पेल्मेनी तिने वळले होते.

"तास्या, कागद बदलतायत, एवढंच. खोरं तेच, कोठडी तीच, मीपण तोच."

"आणि दूध?"

"दूध मी माझ्या विभागातून देतो. तू वही ठेव, सह्या घे, महिन्याला शिक्का मी मारतो. वरच्यांना कळायचं काय कारण?"

ताइसिया कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि एकेकीला बाकावर बसवून तिने राजीनामे लिहून घेतले. तिने सांगितले म्हणून सगळ्यांनी लिहिले. सतरावी होती रिम्मा गालेयेवा: एकोणतीस वर्षांची तातार बाई, येऊन जेमतेम चार महिने झालेली, जिभेला धार असलेली.

"स्वेच्छेनं म्हणजे माझी इच्छा ना?" रिम्माने पेन हातात फिरवत विचारले. "माझी इच्छा समुद्रावर जायची आहे, ताइसिया साव्विच्ना. तीपण लिहून टाकू?"

"लिही की. पण आधी हे लिही."

बायका हसल्या. रिम्माने लिहिले.

त्या दिवसापासून वही ताइसियाकडे राहिली. तपकिरी पुठ्ठ्याची, जाड. अनुक्रमांक, आडनाव, तारीख, अर्धा लिटर, सही. प्रत्येक महिन्याच्या शेवटी विभागाचा गोल निळा शिक्का. रिम्माची ओळ सतरावी. या बायका रोज धूळकोठडीत उतरत होत्या, ही गोष्ट मान्य करणारा दुसरा कागद त्या कारखान्यात नव्हता. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही, ताइसियाच्याही नाही. तिच्या लेखी ती दुधाची वही होती. दूध बंद झाल्यावर वही कोणी मागितली नाही, म्हणून ती घरी घेऊन आली आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिली.

२०१३ मध्ये कारखान्याला सत्तर वर्षे झाली. समूहाने संग्रहालय काढायचे ठरवले आणि कर्मचारी कार्यालयातली किरा नावाची मुलगी जुन्या कामगारांच्या दारोदार फिरू लागली. कोणी शिरस्त्राण दिले, कोणी बापाचे पदक. ताइसियाने मुलीला रास्पबेरीचा मुरंबा घालून चहा दिला आणि बरण्या बाजूला सारून वही काढली.

"बाई गं, किती सुंदर अक्षर आहे तुमचं," किरा म्हणाली.

त्या वहीचे कौतुक कोणी करण्याची ती पहिली वेळ होती. साडेचार वर्षांत एक पाळी चुकली नव्हती, एका ओळीत खाडाखोड नव्हती. ताइसियाने वही देऊन टाकली. बदल्यात तिला चॉकलेटची पेटी आणि समूहाच्या खुणेचा रुमाल मिळाला. अर्ध्या अर्ध्या लिटरसाठी लोकांच्या सह्या घेणाऱ्या या बाईने वही देताना मात्र एका चिठ्ठीवरही सही मागितली नाही.

उद्घाटनाला मालक विमानाने आले. वही काचेखाली उघडून ठेवली होती आणि खाली पाटी होती: 'कामगाराच्या आरोग्याची काळजी: आमची परंपरा'. मालक तिच्यापुढे थांबले, काचेवर हात टेकला आणि म्हणाले, "आमच्याकडे दूध कधीच बंद झालं नाही." टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताइसियानेही वाजवल्या. कारखान्याच्या साप्ताहिकात पुढच्या शुक्रवारी तो फोटो पहिल्या पानावर आला.

रिम्मा २०१६ च्या शरदात तिच्याकडे आली तेव्हा तिला दुसऱ्या मजल्यावर चढायला तीनदा थांबावे लागले होते. हातात लिफाफा होता. प्रादेशिक रुग्णालयातल्या व्यवसायजन्य आजारांच्या विभागाने तिच्या फुप्फुसांचे फोटो पाहून कामाच्या जागेचे वर्णन मागवले होते. 'चिस्ती द्वोर' दोन वर्षांपूर्वी गुंडाळली गेली होती. तिच्या वारसदार कंपनीचे उत्तर आले होते: गालेयेवा, सफाई कामगार, कार्यालयीन इमारत, जिने व मार्गिका.

"वाचा," रिम्मा म्हणाली. "जिन्यांमुळे माझी फुप्फुसं दगड झालीत. फार चढ-उतार केला असणार."

"मी साक्ष देते."

"तुम्ही द्यालच. पण बाकीच्या? लुशाचा जावई भट्टीवर आहे, झोयाचा नवरा क्रेनवर. काल झोयानं मला दारातूनच बटाट्यांची पिशवी दिली आणि दार लावून घेतलं." ती खोकली, बराच वेळ. "वही कुठाय, ताइसिया साव्विच्ना?"

ताइसियाने सांगितले. रिम्माने कागद लिफाफ्यात परत घातला.

"दुधाचं संग्रहालय झालं तर. थांबा, पुढच्या वर्धापनदिनाला माझी फुप्फुसंही नेतील. पाटी तयारच आहे."

दुसऱ्या दिवशी ताइसिया संग्रहालयात गेली. वहीच्या कपाटात हॉकीचे चषक मांडले होते. रोस्तिस्लाव नावाचा तिथला तरुण फार नम्र होता. त्याने संगणकात पाहिले, मग छापील यादीत पाहिले.

"अशी वस्तू आमच्या नोंदीत नाही, ताइसिया साव्विच्ना. तुमच्याकडे पोचपावती आहे का?"

"मालकांनी तिच्यावर हात ठेवला होता. अख्ख्या गावानं बघितलं."

"बघितलं असेल. पण पावती आहे का?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "काही पेट्या मॉस्कोला मुख्यालयात गेल्या. कोणत्या, ते मला सांगितलेलं नाही. खरंच."

अनिसिम पाव्लोविच निवृत्त होऊन दक्षिणेला, क्रास्नोदारकडे राहायला गेले होते. तिने दूरध्वनी केला. त्यांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आपल्या द्राक्षवेलींचे वर्णन केले, आणि वहीचा विषय निघताच विचारले, "कसली वही, तास्या?"

शेवटी साप्ताहिकाचा तो अंक उरला. गावच्या वाचनालयात तो बांधलेला होता. दोघींनी खिडकीजवळच्या टेबलावर तो उघडला आणि ग्रंथपाल बाईकडून भिंग मागून घेतले. वहीचे पान स्पष्ट होते. तारीख वाचता येत होती: ३० नोव्हेंबर २००७. खाली निळा शिक्का, अर्धा दिसणारा. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौदाव्या ओळीपर्यंत प्रत्येक आडनाव वाचता येत होते. पंधरावीपासून खाली मालकांची बाही होती.

रिम्मा भिंग बाजूला ठेवायला तयार नव्हती. मग ती म्हणाली, "तिसरी, आठवी, अकरावी. ह्या सह्या तुमच्या आहेत."

ताइसियाने भिंग घेतले. बायका कोठडीतून वर येत तेव्हा त्यांची बोटे आखडलेली असत, बस सुटायची घाई असे. कोणी म्हणे, साव्विच्ना, तुम्हीच करा ना माझी सही. आणि ती करी. दूध प्रत्येकीला मिळे, मग सही कोणाच्या हाताची, याला काय महत्त्व? कारखान्यात सगळेच असे करत.

"माझीपण करायचात," रिम्मा म्हणाली.

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे किती?"

ताइसियाला आठवले नाही. तिने आठवायचा खरोखर प्रयत्न केला.

तरीही तिने पानाची प्रत काढून, साक्ष स्वतःच्या हाताने लिहून सगळे, आजार कामामुळे झाला का हे ठरवणाऱ्या रुग्णालयाच्या मंडळापुढे ठेवले. मंडळाच्या सचिव बाईंनी ते तिच्यासमोरच तपासले. वृत्तपत्रातला फोटो हे कामाचे कागदपत्र नव्हे, त्या म्हणाल्या; शिवाय दिसणाऱ्या चौदा सह्यांपैकी तीन एकाच हाताच्या आहेत, आणि तो हात साक्षीदाराच्या अर्जावरचाच दिसतो. त्यांनी हे रागाने सांगितले नाही. "तुम्हीच सांगा, मी यावर काय लिहू?"

जानेवारी २०१७ मध्ये निर्णय आला: सामान्य आजार, व्यवसायाशी संबंध सिद्ध होत नाही. ताइसियाने निर्णयाविरुद्ध अर्ज केला. तो फेटाळला गेला. तिने मॉस्कोच्या मुख्यालयाला वहीविषयी चार पत्रे पाठवली. तिसऱ्याला उत्तर आले, त्यात तिच्या अनेक वर्षांच्या श्रमांबद्दल समूहाने आभार मानले होते. रिम्माकडे ती दर रविवारी सूप घेऊन जाई. रिम्मा सूप घेई. वहीविषयी दोघी पुन्हा बोलल्या नाहीत, आणि रिम्माने तिला क्षमा केली असे म्हणायला कोणताही आधार मिळत नाही.

रिम्मा गालेयेवा मार्च २०१८ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी वारली. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले आहे.

वही मॉस्कोला गेली की मेद्नी लोगमध्येच कचऱ्यात गेली, हे ठाऊक नाही. संग्रहालयाच्या यादीत ती का चढवली नाही, विसरून की कोणाच्या सांगण्यावरून, हेही ठाऊक नाही. साडेचार वर्षांतील किती सह्या बायकांच्या आणि किती ताइसियाच्या होत्या, हे ताइसिया स्वतः सांगू शकत नाही. ३० नोव्हेंबर २००७ च्या पानावर सतराव्या ओळीत कोणाच्या हाताची सही होती, हेही अजून कळलेले नाही.