छत्रीखालची दुपार

अंदमानच्या एका लहानशा बेटावर मला शाळेपासूनची मैत्रीण सुधा ओढूनच घेऊन गेली होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले माझे यजमान नुकतेच गेले होते. दुपारी किनाऱ्यावर जरा आडवी झाले, ती उन्हं कलल्यावरच जागी झाले. माझ्या चेहऱ्यावर छत्री धरून सुधा शेजारी बसली होती. प्रवाळ दाखवणारी होडी केव्हाच निघून गेली होती.

“अगं, उठवायचंस ना!”

“दोन वर्षांची झोप ती. मोडवेना मला.”

इतके दिवस मीच कुणासाठी तरी जागी होते. आपल्यासाठी कुणी जागं बसलं, की मगच शीण अंगाबाहेर पडायला धजतो की काय!

“अजून थोडी पडू?” मी विचारलं.

“पड की,” म्हणत तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली.