काकांचा आरोग्याचा तास

बाभुळगावात आपल्याला न विचारता कोणाला साधी शिंकही येऊ नये, अशी माझ्या काकांची अपेक्षा होती. एकोणीसशे साठच्या आसपासचा तो काळ. काका प्राथमिक शाळेत चौथीचे गुरुजी आणि आरोग्य हा त्यांचा जीव की प्राण. नखं, दात, कान, डोक्यातल्या उवा, सगळ्यांची झडती रोज प्रार्थनेनंतर व्हायची. मी त्यांच्याच घरी राहून त्यांच्याच वर्गात शिकायचे. एकदा वर्गात चुकून "काका" म्हटलं, तर बोटांवर पट्टी बसली आणि वर "शाळेत मी कोणाचा काका नाही!" हे ज्ञान फुकट मिळालं. मात्र शरीराचे भाग शिकवताना हा निर्भय माणूस डोकं, मान, छाती, पोट असा धडाक्यात खाली यायचा आणि पोटावरून थेट गुडघ्यांवर उडी मारायचा. तांड्यावरून येणाऱ्या सोमलीनं एकदा विचारलं, "गुरुजी, मधात काय राह्यते?"

"मध्ये शिस्त असते. खाली बस!"

सोमलीला शाळेत उशिरा घातलेलं, त्यामुळे वर्गात तीच सगळ्यांत मोठी. एका दुपारी ती पाढे म्हणायला उठली आणि तिच्या परकरावर रक्ताचा डाग दिसला. पोरं हसली. तिनं मागं वळून पाहिलं आणि किंचाळली, "गुरुजी, मी मरून राह्यली!" दहा हातांवरून नखातला मळ ओळखणाऱ्या काकांनी नजर फळ्याकडे वळवली. त्यांनी गळ्यातलं उपरणं तिच्या कमरेभोवती गुंडाळलं, पोरांना मैदानात पिटाळलं आणि मला म्हणाले, "हिले काकूकडे घेऊन जा." वर्गात त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदाच ऐकली.

काकूनं तिला न्हाऊ घातलं, स्वच्छ कापड दिलं आणि सांगायचं ते दहा मिनिटांत सांगून टाकलं. संध्याकाळी काकांनाही सुनावलं, "पोरगी दोन कोस चालत येते, आन् तुमी तिले गुडघे शिकवता?" काका त्या रात्री जेवले नाहीत.

सोमली पुन्हा आलीच नाही. चौथ्या दिवशी काका मला घेऊन तांड्यावर गेले. तिच्या बापासमोर बाजेवर बसून, घाम पुसत, त्यांनी तो राहिलेला धडा आयुष्यात प्रथमच मोठ्यानं म्हटला: हा आजार नाही, विटाळ नाही, शाळा सोडायचं तर मुळीच कारण नाही. बापानं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, हे आमाले ठाऊक हाय. तुमाले कवा समजलं?" मग जरा नरमून म्हणाला, "पर आता तिचं लगन ठरलं."

त्या शनिवारपासून काकू शाळेत येऊन मुलींना सगळं समजावू लागली. काका दाराबाहेर पाठमोरे पहारा देत. हेडमास्तरांनी आत काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "शिवणकाम."

दोन वर्षांनी माझी वेळ आली तेव्हा काकू माहेरी, नेरला गेलेली. घरात फक्त काका. मी दाराशी उभी राहून कसंबसं सांगितलं. त्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली न घेताच सांगितलं, "भ्यायचं नाही, बेटा. तू आजारी नाहीस. कापडं काकूच्या पेटीत आहेत." मग उठून त्यांनी चुलीवर माझ्यासाठी पाणी ठेवलं आणि जाळाकडे पाहत म्हणाले, "त्या पोरीले कोणी आधी सांगतलं असतं, तर..."

पाणी तापल्यावर त्यांनी बादली न्हाणीत नेऊन ठेवली आणि ते दाराबाहेर पाठमोरे उभे राहिले.