भुईचाफ्यावरचा रॅम्प

निखिलचा फोन आला तेव्हा मी चहा ठेवत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मला हायसं वाटलं, तेही त्याच्यासाठी... कमलताई माझी ऑफिसपासूनची मैत्रीण. ती गोड स्वभावाची होती असं कोणी सांगितलं, तर तो माणूस तिला भेटलेलाच नाही.

ती मूळची चंद्रपूरची. दिल्लीत, मयूर विहारच्या तळमजल्यावरच्या घरामागे कडुनिंबाच्या सावलीत तिने तिकडच्या रानातला भुईचाफा लावला होता. थंडीत त्याची पानं पार वाळून जातात, कंद मातीखाली झोपतात. ऊन तापायला लागलं की पानांच्याही आधी थेट जमिनीतून जांभळी-पांढरी फुलं वर येतात. हिवाळाभर ती तिथे पाण्याचा थेंब पडू देत नसे. "झोपलेत ते, कुजतील," म्हणून कामवालीवर खेकसायची. मुलाला मात्र कधी काही सांगितलं नाही. त्याने आपणहून विचारावं, हा तिचा हट्ट.

गेल्या हिवाळ्यात ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमध्ये एकच धोशा, फुलं यायच्या आत मला घरी न्या. निखिल गुडगावहून रोज यायचा. पुढच्या पायऱ्या व्हीलचेअरला अवघड, म्हणून त्याने मागच्या दाराला सिमेंटचा रॅम्प बांधून घेतला. नेमका त्याच मातीवर.

घरी आल्यावर तिने रॅम्पकडे बघितलं. "याच्याखाली माझे कंद आहेत," म्हणाली.

"तिथे तर काहीच नव्हतं, आई. बिल्कुल खाली जागा होती," तो म्हणाला.

"रिकामं दिसलं म्हणून सिमेंट ओतलंस. उद्या मी डोळे मिटून पडले तर?"

आजच फोडून टाकतो, म्हणत त्याने मोबाइल काढला. ती माझ्याकडे वळली. "त्याला सांग, राहू दे. याच्यावरूनच न्यायचंय मला."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो समोर उभा असायचा आणि निरोप माझ्यामार्फत. ती अंथरुणातून उठलीच नाही, खंगत गेली. शेवटी शेवटी त्याने चमच्याने पाणी पुढे केलं तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेच पाणी माझ्या हातून प्यायली. मला तिचा संताप आला होता, अजून येतो. ऐन फुलांच्या दिवसांत तिला त्या रॅम्पवरूनच नेलं.

परवा तिच्या घरी गेले तर निखिल मागच्या दारात पाण्याचा मग घेऊन उभा. रॅम्पवर पाणी ओतत होता.

"मावशी, शेवटी आईने माझं नाव घेतलं होतं का?"

खोटं बोलायला माझं काय जात होतं... पण तिच्याबरोबर राहून माझीही जीभ तशीच झाली असावी.

"नाही," मी म्हणाले.

"अच्छा," तो म्हणाला. आत जाऊन तोच मग भरून आणला आणि पुन्हा सिमेंटवर ओतला.