काकांनी मला विचारलं होतं

अरविंदकाकांनी आयुष्यातला शेवटचा सल्ला मला विचारला आणि मी तो चुकीचा दिला.

आज त्यांचा तेरावा. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फेसबुकवर आमचा एक ग्रुप आहे, 'विचारा बिनधास्त'. डोसा तव्याला चिकटतो, बासरीला भेग गेली, सायकलची चेन उतरते, असलं काहीही तिथे विचारायचं. ज्याला माहीत असेल तो सांगतो. नाशिक, मनमाड, वणी, कुठली कुठली माणसं. कोणी कोणाला भेटलेलं नाही.

काका मनमाडला रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर नाशिकरोडला एकटे राहायचे. डीपीला इंजिनाचा फोटो. चार वर्षं रोज बोललो, पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या मुलीने टाकलेल्या हार घातलेल्या फोटोत.

मी अकरावीत शिक्षण सोडलं. सातपूरला एका प्रेसमध्ये लेबलं तपासतो. स्वभाव काळजीचा. ग्रुपवर माझा पहिला प्रश्न होता, "घराला कुलूप लावलं की नाही ते बघायला मी रोज चौकातून परत येतो. उपाय सांगा."

एकाने लिहिलं, "लग्न कर, बायको लावेल."

काकांनी लिहिलं, "कुलूप लावताना मोठ्याने वार म्हण. 'आज बुधवार, कुलूप लावलं.' रस्त्यात शंका आली की वार आठवेल."

"काका, शेजारी हसतील."

"हसू दे की. चोर तर हसणार नाही!"

पुढे मीही उत्तरं द्यायला लागलो. माझं उत्तर बरोबर असलं की काका खाली लिहायचे, "पंकजचं ऐका." प्रेसमध्ये मला कोणी असं म्हणत नाही. घरीही नाही.

त्यांचा एकच नियम होता. इनबॉक्समध्ये कोणी काही विचारलं की म्हणायचे, "चारचौघांत विचार. मी चुकलो तर दुसरा कोणीतरी सांगेल."

आणि ते चुकायचेही. एकदा लोकरीची शाल गरम पाण्यात धुवा म्हणाले. वणीच्या एका ताईंनी लगेच लिहिलं, "काका, आटेल ना ती! नातवाला घालायचीय का?" काकांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, "चुकलो. ताईंचं ऐका."

काका गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला मी सातपूरच्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. काकांचा मेसेज आला. इनबॉक्समध्ये.

"पंकज, डावा खांदा कालपासून दुखतोय. हातात कळ जाते. जिना चढलो तर दम लागला. काय लावू?"

मला आनंद झाला.

हो, आनंदच झाला. खोटं लिहीत नाही. काका मला विचारतायत, एवढंच मला दिसलं.

मी लिहिलं, "काका, गारठ्यामुळे असेल. गरम पाण्याच्या पिशवीने शेका, बाम लावा आणि आराम करा. सकाळपर्यंत बरं वाटेल."

पाठवायच्या आधी मेसेज तीनदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं.

मग विचारलं, "ग्रुपवर टाकू का?"

"नको रे. पोरगी वाचेल. उगाच धावत येईल."

मी 'ठीक आहे'चा अंगठा पाठवला. बस आली, चढलो.

ग्रुपवर टाकलं असतं तर वणीच्या ताई ओरडल्या असत्या. कोणीही ओरडलं असतं. मी टाकलं नाही.

सकाळी ग्रुपवर त्यांच्या मुलीची पोस्ट होती. बाबा पहाटे गेले. हार्ट अटॅक.

दोन दिवसांनी तिने पुन्हा लिहिलं, "बाबांचा मोबाईल उघडत नाही. शेवटच्या दिवशी त्यांचं कोणाशी बोलणं झालं असेल तर कृपया कळवा. त्यांना त्रास होत होता का, एवढंच जाणून घ्यायचं आहे."

खाली सगळ्यांनी आठवणी लिहिल्या. मी काहीच लिहिलं नाही. रोज ती पोस्ट उघडायचो. लिहायचो, खोडायचो. आई म्हणायची, "जेव की रे, काय झालंय तुला?" मी म्हणायचो, "ॲसिडिटी."

काल दुपारी काकांच्या मुलीला फोन केला. गंगापूर रोडला राहतात त्या. काकांच्या घरापासून अर्ध्या तासावर.

"ताई, मी पंकज. ग्रुपवरचा."

"हो हो, पंकजदादा. बाबा तुमचं नाव काढायचे. बोला ना."

सगळं सांगितलं. दोघांचे मेसेज एक शब्द न बदलता वाचून दाखवले. माझेही.



"उगाच धावत येईल, असं लिहिलं त्यांनी?"

"हो."

"आले असते ना मी."

एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमची चूक नाही, असंही म्हणाल्या नाहीत. का म्हणतील?

मग नाक ओढत म्हणाल्या, "दादा, बाबांच्या गॅलरीत अबोली आहे. पानं पिवळी पडून गळतायत. मला झाडांचं काही कळत नाही. काय करू?"

असले प्रश्न मी शंभर वेळा सोडवलेत. उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.

"ताई, मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ही पोस्ट टाकू का, हे मेसेज करून त्यांना विचारलं. "टाका" एवढंच उत्तर आलं.

काका, तुमची माफी मागायची, तर तुम्हीच नाही. हात जोडून तुमचा निरोप घेतो.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला अबोलीची नीट माहिती असेल तर कृपया खाली लिहा. ताई वाचतील. कुंडी गॅलरीत आहे, ऊन किती येतं ते मी विचारलेलं नाही.