संघाचं दार आमच्या घराला

लग्न होऊन मी स्नेहलतागंजात आले, त्याच वर्षी आमच्या पुढच्या दाराला वाळवी लागली. सासूबाईंनी सुतार बोलावला. त्यानं दार काढलं, नवी चौकट बसवली आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. एका ठेकेदाराकडे मशीनवर एका कारागिराची बोटं गेली होती. ठेकेदार इलाजाचं नाव काढेना, म्हणून सुतार संघानं सगळ्यांचं काम बंद ठेवलं होतं.

नवरा भोपाळला टूरवर. आम्ही दोघी मागच्या गल्लीतल्या संघाच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन बाकं आणि लाकडाच्या भुशाचा वास. सासूबाईंनी अध्यक्षांना चांगलंच सुनावलं, की घरात आम्ही दोघीच आहोत आणि दाराच्या जागी चादर लटकतेय. म्हातारे अध्यक्ष शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "माताजी, हड़ताल तो नहीं टूटेगी. पर आपका घर भी खुला नहीं रहेगा."

संध्याकाळी चौघांनी खांद्यावरून एक दार आणलं आणि आमच्या चौकटीत बसवलं. ते संघाच्या ऑफिसचंच होतं. खालून वीतभर आखूड, मांजर सहज आत यायची. दारावर मोठ्या अक्षरांत संघाचं नाव रंगवलेलं.

त्या नावानंच घोळ झाला. लोक आमचीच कडी वाजवू लागले. कुणाला पाळणा हवा, कुणाच्या मुलीच्या लग्नाचा पाट अर्धवट राहिलेला. हातोद गावाहून आलेले एक काका तर थेट बाकावर बसल्यासारखे आमच्या दिवाणावर टेकले. तेव्हा कळलं, की शाळेची मोडकी बाकं, मंदिराची पालखी, गरिबाघरची तिरडीसुद्धा संघाचे सुतार आपसांत काम वाटून फुकट करून देत. सासूबाई आधी वैतागल्या. मग ज्याला त्याला "भिया, हड़ताल है, निरोप ठेवा" असं सांगू लागल्या, आणि चहाचं पातेलं मोठं झालं.

एका दुपारी लहान मुलीला कडेवर घेऊन एक बाई आली. बोटं गेलेल्या कारागिराची बायको. संघाचं ऑफिस समजून आली होती. दवाखान्यात नवरा जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो, म्हणाली; आता त्याला कोण काम देणार, एवढंच तिला विचारायचं होतं. सासूबाईंनी तिला खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि मग रोजच. संपाला नावं ठेवणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. उलट शेजारणींना सांगत, "त्यांचं बरोबरच आहे गं."

शेवटी ठेकेदार नमला. त्यानं इलाजाचा खर्च दिला, आणि कारागिराला संघानं माप घेण्याच्या कामाला लावलं. आमचं सागवानी दार झालं, संघाचं परत गेलं.

आता घराघरात कारखान्यातली तयार दारं येतात. संघाच्या त्या खोलीत मोबाईलचं दुकान आहे. संघाची जुनी माणसं कधीमधी सियागंजच्या बाजारात भेटतात आणि हटकून सासूबाईंची आठवण काढतात. त्या गेल्या तेव्हा निरोप धाडायची गरजच पडली नाही. सकाळी अंगणात पाहिलं, तर आठदहा सुतार बांबू घेऊन उभे होते, आणि माप तो घेत होता, उरलेल्या बोटांनी.